बर्फ न पडणाऱ्या हिवाळ्याची कार्डे

संक्रांतीचे ग्रीटिंग टपालाने येत असे, हे आज विशीतल्या मुलांना सांगूनही खरे वाटत नाही. हातभर पाकिटे नसत ती. पोस्टकार्डाएवढा जाडसर कागद, त्यावर पतंग किंवा हलव्याचे दागिने ल्यालेली बाई, खाली ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’, आणि आत पारदर्शक कागदाच्या चिमुकल्या पुडीत चार दाणे हलवा. टपालाचा शिक्का जोरात बसला की दाण्यांचा चुरा होई, आणि तो चुराही घरात वाटून खाल्ला जाई. दिवाळीची कार्डे जास्त गुळगुळीत, नाताळची जास्त चकचकीत. या दोघांपुढे हे कार्ड गरीबच दिसायचे. पण थंडीच्या सणाचे खास मराठी म्हणावे असे कार्ड तेच.

हे पुस्तक डाय, स्टॅम्प आणि स्टेन्सिल वापरून थंडीच्या सणांची कार्डे घरी कशी करावीत याचे आहे. नाताळ, नवे वर्ष, संक्रांत आणि रथसप्तमीपर्यंत चालणारी हळदीकुंकवे एवढा त्याचा पल्ला. रांगोळी, भरतकाम, ओरिगामी यांवर मराठीत पुस्तके निघत आली. हा छंद मात्र आपल्याकडच्या बायका आणि मुले परदेशी व्हिडिओ थांबवत थांबवत शिकली, आणि तंत्रासोबत त्या व्हिडिओंतला बर्फही घरात आला. शिरूरच्या पेठेत नाहीतर दौंडच्या रेल्वे वसाहतीत बसून केलेल्या कार्डावर देवदार, रेनडिअर आणि छपरावर साचलेला बर्फ. बाहेर बोरांचा सडा आणि रस्त्याने डुलत जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या. यात पाप काही नाही. बर्फ दिसतो सुरेख, आणि हौसेला पासपोर्ट लागत नाही. तरी आपण छापतो ते चित्र कुणाच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे, हे कधीतरी विचारायला हवे. लेखिकेने ते विचारले, म्हणून ही प्रस्तावना लिहायचे मी कबूल केले.

कार्डाचा जन्म टपालाच्या सोयीतून झाला. ब्रिटनमध्ये १८४० साली एका पेनीत देशभर कुठेही पत्र जाऊ लागले. त्या सुधारणेसाठी खटपट केलेल्यांपैकी हेन्री कोल याने १८४३ च्या नाताळात जॉन कॉलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक कार्ड काढवून घेतले. ते शिळाछापावर छापून हाताने रंगवलेले होते आणि एक शिलिंगला एक असे विकले गेले. त्या पहिल्या कार्डावर बर्फ नाही. मध्ये प्याले उंचावणारे कुटुंब, दोन्ही अंगांना गरिबांना अन्न आणि वस्त्र देण्याची दृश्ये. (चित्रात लहान मुलाच्याही ओठाला वाइन लावलेली पाहून तिथल्या दारूबंदीवाल्यांचे पित्त खवळले होते.) पुढे त्या कार्डांवर रॉबिन पक्षी आला, त्याचेही कारण रस्त्यावरच होते. तेव्हाच्या पोस्टमनचा गणवेश लाल. लोक त्यांना रॉबिन म्हणत, म्हणून चोचीत पत्र धरलेला लाल छातीचा पक्षी. म्हणजे ज्याला आपण ‘ख्रिसमसचे डिझाइन’ समजून डोळे मिटून उचलतो, ते एकेकाळी कुणाच्या तरी दारासमोरचे साधे दृश्य होते.

अमेरिकेत बोस्टनच्या लुई प्रँगने १८७५ पासून बहुरंगी छपाईची कार्डे बाजारात आणली आणि कार्ड हा धंदा झाला. आपल्याकडे पाव आण्याचे पोस्टकार्ड १ जुलै १८७९ ला निघाले. रंगीत छपाईच्या बाबतीत पुणे जिल्हा मागे नव्हता: चित्रशाळा प्रेस १८७८ ची, आणि १८९४ साली मुंबईत निघालेला राजा रविवर्म्यांचा छापखाना पुढे मळवलीला आला. कागदाचीही तीच गोष्ट. जुन्नरचा हातकागद पेशवाईत नावाजलेला होता, आणि १९४० साली के. बी. जोशी यांनी शिवाजीनगरला हातकागद संस्था उभी केली. त्या धर्तीच्या कागदावर काम करणाऱ्याने एक ध्यानात ठेवावे. चिंध्यांपासून केलेल्या कागदाचे तंतू लांब असतात. तो शाई पितो, बारीक रेघेचा ठसा त्यावर फुटतो, आणि पातळ डायने कापला तर कड दातेरी निघते. स्टेन्सिलमधून कोरड्या ब्रशने ठोकलेला रंग मात्र त्यावर जितका खुलतो तितका गुळगुळीत कार्डशीटवर कधीच खुलत नाही.

कार्डे घरी करण्याचा आजचा छंद १९७० च्या दशकातला. १९७७ साली दोन लांबच्या देशांत दोन यंत्रे निघाली. कॅलिफोर्नियात एलिसन यंत्र आले, ते शाळांतल्या शिक्षकांना कागदाची अक्षरे कापता यावीत म्हणून. त्याच कंपनीने २००१ मध्ये सिझिक्स हे घरगुती यंत्र आणले आणि डाय स्वयंपाकघरातल्या टेबलावर आला. दुसरे यंत्र जपानचे, रिसो कंपनीचे प्रिंट गोक्को. जपानी माणूस नववर्षाची कार्डे गठ्ठ्याने लिहीत असे, टपालखाते ती साठवून १ जानेवारीच्या सकाळी वाटते. बटाटा नाहीतर लाकूड कोरून घरीच ठसे मारायची तिथे जुनी चाल. गोक्कोने बल्बच्या एका लखलखाटात चित्राचे स्टेन्सिल तयार करून दिले आणि घरचा छापखाना झाला. २००८ मध्ये त्याचे उत्पादन थांबवले तेव्हा जगभरचे हौशी लोक हळहळले. रबरी स्टॅम्पची अमेरिकी लाटही याच सुमाराची. आपल्याकडे सायक्लोस्टाइलवर प्रश्नपत्रिका काढलेल्या शिक्षकांना यातले काहीच नवे वाटणार नाही. मेणकागदावर अक्षर कोरायचे, कोरलेल्या जागेतून शाई पार करायची, दुसरे काय?

नवख्या वाचकाला तिन्ही साधनांचा धाक वाटतो, म्हणून थोडे खोलात जातो. स्टॅम्प उंचवट्याने छापतो. उठावाला शाई लागते आणि तेवढीच कागदावर उतरते. शाळेत भेंडीचे ठसे मारले तेव्हा आपण हेच केले. स्टेन्सिल भोकाने छापते. दौंडच्या यार्डात उभ्या मालगाडीच्या डब्यांवर क्रमांक असेच रंगवत, कारखान्याच्या साखरेच्या पोत्यावर नाव आणि प्रतवारी अशीच उठे, आणि दारातल्या रांगोळीचा छापा तरी वेगळा कुठे आहे? डाय छापत नाही, कापतो. रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या घरात हा शब्द रोजचा आहे, फक्त तिथे पत्रा असतो आणि इथे कागद. हाताने फिरवायच्या यंत्रात दोन रूळ असतात. खालची पाटी, कागद, त्यावर पात्याची बाजू खाली करून डाय, वरची पाटी अशी चळत एका बाजूने चरकात उसाचे कांडे घालावे तशी सरकवायची आणि दांडा फिरवायचा. कागद नीट कापला नाही की नवखे लोक ताकद लावतात आणि पाटी तडकवतात. खरे तर दाब जरासा कमी पडलेला असतो. चळतीत साध्या कागदाचा एक ताव घातला की काम होते.

दुकानदार विकतो त्याच्या उलट्या क्रमाने शिकावे, असे माझे मत आहे आणि पुस्तकही त्याच वाटेने जाते. दुकानदार आधी यंत्र दाखवतो, कारण ते हजारोंत जाते. लेखिका आधी जुनी एक्स-रे फिल्म शोधायला लावते. धारदार कटरने त्यावर मोर कापा. मोराची चिंचोळी शिरूर तालुक्यातच आहे, नमुना पाहायला लांब जायला नको. पहिल्याच प्रयत्नात मोराचा डोळा गळून पडेल आणि स्टेन्सिलचा मूळ नियम कळेल: आतल्या बेटाला बाहेरच्या कागदाशी जोडणारा पूल ठेवावा लागतो. चांगला स्टेन्सिलकार पूल लपवत नाही, त्याचेच नक्षीकाम करतो. नंतर खोडरबर कोरून ठसे करावेत. त्यापुढची पायरी फारच थोड्यांना सुचते. तहसील कचेरीच्या आसपास शिक्के करून देणारे बसतात. काळ्या शाईत नीट काढलेले आपले चित्र त्यांच्याकडे नेले तर सरपंचाच्या शिक्क्यासारखाच आपल्या शेकोटीचा किंवा हुरड्याच्या कणसाचा शिक्का ते करून देतात. परदेशी संच मागवण्यापेक्षा हे स्वस्त, आणि तसे चित्र दुसऱ्या कुणाच्या कार्डावर सापडणार नाही. यंत्र शेवटी घ्यावे, आणि शंभरावर कार्डे एका मापाची हवी असतील तर तेव्हाही घेऊ नये. पुण्यात लग्नपत्रिकांचे डाय पंचिंग करणारे लाकडी फळीत पोलादी पाती वाकवून डाय बसवून देतात, ते परवडते.

या कलेत घराणी आहेत आणि घराण्यांत असतात तशी भांडणेही. एका घराण्याला मोकळी जागा प्रिय. पांढऱ्या कार्डाच्या कोपऱ्यात एक ठसा, एक ओळ, बस्स. चूक झाली तर लपवायला जागा नाही, म्हणून दिसते तितके हे सोपे नाही. दुसरे थरांचे. कार्डावर कार्ड, मध्ये फोमची पट्टी, वर कापलेली फुले. पाहताक्षणी भुरळ पडते. तिसऱ्या दिवशी पाकीट बंद होत नाही. टपालाने पाठवणाऱ्याने इथे हिशेब करावा. ए-५ आकाराचा ३०० जीएसएमचा कागद दुमडून केलेले कार्डच नऊ ग्रॅमच्या वर जाते, पाकीट साधारण चार ग्रॅमचे, २५० जीएसएमचा एक थर जवळजवळ चार ग्रॅमचा. आणखी एक थर चढवला की २० ग्रॅमची पायरी ओलांडली आणि तिकीट वाढले. तिसरे घराणे ठशाची फक्त बाह्यरेषा घेते आणि मार्करने किंवा रंगीत पेन्सिलींनी आत छटा भरत बसते. चौथे स्टेन्सिलवर शाई घोळवणाऱ्यांचे. फिकट निळ्यातून जांभळ्यात जाणारे पहाटेचे आभाळ दहा मिनिटांत उभे करतात आणि त्यावर काळा ठसा मारतात. शेवटच्या दोघांत मी चौथ्याच्या बाजूने आहे. तिसऱ्यांच्या चिकाटीबद्दल आदर बाळगूनही.

मराठी हातांनी इथे स्वतःचे काही घालावे असे एक ठिकाण आहे आणि ते मला या पुस्तकातले सर्वांत मोलाचे वाटते. संक्रांतीला काळे नेसतात. काळी चंद्रकळा, तिच्यावर पांढऱ्याशुभ्र, काटेरी हलव्याचे दागिने: बाजूबंद, मंगळसूत्र, तन्मणी, बाळाच्या बोरन्हाणाला मुकुट आणि बासरी. वर्षभरात एकाच सणाला काळा रंग शुभ ठरतो, आणि कार्ड करणाऱ्याच्या दृष्टीने ही चालून आलेली संधी आहे. काळ्या कार्डशीटवर चिकट शाईचा ठसा मारायचा, पांढरी एम्बॉसिंग पावडर भुरभुरायची, जास्तीची झटकायची आणि हीट गनने तापवायचे. पावडर वितळून उठावाची पांढरी रेघ घट्ट होते. (केस वाळवायच्या यंत्राने हे होत नाही. ते पावडर उडवून लावते आणि पुरेसे तापतही नाही.) त्यावर पांढऱ्या जाड रंगाचे ठिपके ट्यूबच्या टोकाने ठेवले की हलव्याचे काटे उभे राहतात. पाश्चात्त्य कार्डांत हेच तंत्र रात्रीच्या हिमवर्षावासाठी वापरतात. साधने, साहित्य, कृती सगळे तेच. बर्फाच्या जागी हलवा आला आणि कार्ड आपल्या घरचे झाले. एक अडचण मात्र आपल्याकडच्या कोरड्या थंडीची आहे. हवेत दमटपणा नसल्याने कागदावर स्थिर वीज साठते आणि पावडर नको तिथेही चिकटून राहते. ठसा मारण्यापूर्वी टाल्कम पावडरची पुरचुंडी कागदावरून फिरवावी.

अक्षरांचे प्रकरणही असेच आपले स्वतःचे. बाजारातले डाय रोमन लिपीचे, आणि तिथे सुटी अक्षरे कापली की तेवढे तुकडे हातात येतात, एकेक रांगेत चिकटवत बसावे लागते. देवनागरीला शिरोरेषेचा आधार आहे. ‘नाताळ’ कापा, ‘तिळगूळ’ कापा, सबंध शब्द एका तुकड्यात उचलता येतो. ‘संक्रांत’ला मात्र दोन अनुस्वार निखळतात आणि ते चिमट्याने शोधावे लागतात. स्टेन्सिलमध्ये नेमके उलटे होते. तीच शिरोरेषा लांबलचक चीर बनते, फिल्म तिथे दुमडते, आणि व, ब, क यांची पोटे गळून पडतात. म्हणून स्टेन्सिलसाठी शिरोरेषा अक्षरागणिक तोडावी लागते. लेखिकेने दोन्हींसाठी वेगवेगळी वळणे आखून दिली आहेत. मराठी अक्षरांचा इतका तपशिलात विचार या छंदापुरता तरी माझ्या पाहण्यात नव्हता.

नाताळचे काय, असे कुणी विचारील. तो या शिरूर-दौंडच्या मुलखाला परका नाही. शिरूरला अमेरिकन मराठी मिशनचे जुने केंद्र होते. दौंड हे मोठे जंक्शन. मनमाडकडची लाइन १८७८ साली सुरू झाली आणि रेल्वेच्या नोकरीपायी अँग्लो-इंडियन व गोव्याकडची कुटुंबे इथे आली. शेजारच्या अहमदनगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भक्ती अभंग आणि कीर्तनात आणली त्याला शतक उलटून गेले. मराठी ख्रिस्ती घरांत नाताळाला करंज्या आणि चकल्या होतात, दारात कागदाचा तारा लागतो. येशूजन्माची जागा तर गोठाच. गव्हाण, कडबा आणि बैल काढायला आपल्याला कुणाची नक्कल करावी लागत नाही. पुस्तकातले नाताळचे कार्ड याच गोठ्याचे आहे. उजनीच्या पाण्यावर भिगवणकडे हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी नववर्षाच्या कार्डावर आहेत. बाजरीचे कणीस आहे, भीमथडीचे तट्टू आहे. वारली चित्रेही आहेत, पण ती मला थोडी खटकली. आदिवासी घराच्या भिंतीवर लग्नाच्या निमित्ताने येणारे चित्र शिक्क्यावर आले की फार लवकर नुसती किनार होऊन जाते.

आणि परदेशातल्या मराठी घरांचे? शिकागो-टोरांटोकडे संक्रांतीच्या दिवसांत खराखुरा बर्फ असतो आणि तिथल्या मंडळांची हळदीकुंकवे शनिवार-रविवार बघून होतात. त्यांनी बर्फाच्या स्टेन्सिलवर सुगडाचा ठसा मारला तर ते चित्र खरेच आहे. हे पुस्तक बर्फावर बंदी घालत नाही.

आत्ताच हे पुस्तक का, याचे उत्तर टपालाकडेच पाहून द्यावे लागते. आपल्याकडची रजिस्टर्ड पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. डेन्मार्कच्या टपाल कंपनीने २०२५ च्या अखेरीस पत्रे वाटणेच थांबवले. कामाची पत्रे आता येत नाहीत, येणारही नाहीत. उरतील ती कुणीतरी मुद्दाम पाठवलेली. छापील ग्रीटिंगचा बाजार मोबाइलने मोडला, तो काही परत उभा राहणार नाही आणि त्याबद्दल गळा काढण्यातही अर्थ नाही. हाताने केलेल्या कार्डाची त्याच्याशी कधी स्पर्धाच नव्हती. शिवाय एक व्यवहाराची बाजू आहे. वाणासाठी स्टीलच्या वाट्या आणि प्लास्टिकचे डबे वाटून लोक कंटाळले आहेत. दहा कोरी कार्डे आणि पाकिटे यांचा संच वाण म्हणून देता येतो आणि बचत गटातल्या बाईला तो विकताही येतो. मात्र त्यातून घर चालेल अशी आशा कुणी दाखवली तर सावध राहावे. वेळेची किंमत धरली तर हाताच्या कार्डाला बाजारात मिळणारा भाव कमीच पडतो, आणि लेखिकेने ते आकडेमोड करून सांगितले आहे, याचे कौतुक वाटले.

एका मुद्द्यावर लेखिकेचे आणि माझे जमले नाही. शुभेच्छांची ओळसुद्धा स्टॅम्पनेच मारावी, अक्षर एकसारखे येते, असे त्यांचे म्हणणे. बाहेरची ओळ त्यांनी खुशाल छापावी. आतल्या पानावर शिक्का नको असे मी म्हणत राहिलो. ‘माझे अक्षर वाईट आहे’ अशी ज्यांची तक्रार असते त्यांच्यासाठी त्यांनी आतल्या ओळीचे सहा ठसे दिले आहेत, आणि माझ्या आग्रहावरून त्या पानाच्या समोरचे पान पेन्सिलीच्या फिकट आखणीसह कोरे सोडले आहे. कोणते पान वापरायचे ते ज्याचे त्याने पाहावे. वेळापत्रक मात्र त्यांचेच पाळावे: कागद दसऱ्याच्या आत कापून ठेवायचा, दिवाळीच्या फराळाची गडबड संपली की ठसे मारायला बसायचे, परदेशची पाकिटे नोव्हेंबर संपण्यापूर्वी पोस्टात टाकायची, आणि संक्रांतीची १४ जानेवारीच्या निदान आठ दिवस आधी.